रुस्तम खरंच होऊन गेला का? त्याचं मूळ कुठलं?

जागलीवाला (दारव्हा तालुका)

राम राम मंडळी. इथं जुन्या इतिहासातलं जाणणारे लोक हायेत म्हणून इचारून रायलो. सध्या आमच्याकडं हरभरा घाट्यावर हाय अन् रानडुकरं रोज रात्री धुऱ्यावर हजर, म्हणून मी अन् माहा पोट्टा (९ वर्षाचा) माळ्यावर जागलीले असतो. परवा आबाजी पण हट्टानं आले, वय ८४, बंडीत गोधडी टाकून आणलं त्यायले. शेकोटी पेटवली, हुळा भाजला, पोट्ट्यानं गोष्ट मागतली अन् आबाजीनं रुस्तम-सोहराब काढलं.

आबाजी तरुणपणी पहिलवान होते. त्यायचे वस्ताद कारंज्याकडचे, आखाड्याची माती खणून तिच्यात हळद ताक तेल टाकून मळायचं काम चाले तवा ते वस्ताद ह्या गोष्टी सांगत जाय, तेच आबाजीच्या डोक्यात हाय. त्यायच्या गोष्टीत राजवाडा नाही की फौज नाही, सरळ कुस्ती. एक म्हातारा एक जवान, अन् दोघायले माहीत नाही का आपण बाप-लेक हावो. पहिल्या दिवशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या दिवशी पोरानं म्हाताऱ्याले चितपट केलं, छातीवर बसला, तं म्हातारा म्हणते आमच्या मुलखात पहिल्यांदा पाडलं तं मारत नाही, दुसऱ्यांदा पाडलं तरच जीव घेते. पोरगं भोळं, सोडून देल्लं. मंग पुन्हा धरली तवा म्हाताऱ्यानं पाडलं अन् पोराले तेवढी सवड देल्ली नाही, सरळ खंजीर घातला. मरता मरता पोरगं म्हणते, माहा बाप रुस्तम तुले सोडणार नाही.

इथं आबाजी थांबले. आपलाच हात पुढं केला, बाही वर सरकवली, दंडावर बोट ठेवलं अन् पोट्ट्याले म्हणाले "इथं होता ताईत". त्याच्या पुढं काही बोलले नाही, शेकोटीत काडी सरकवत बसले. लय येळ. मंग पोट्ट्यानं इचारलं, आबा हे खरं झालं होतं का. आबाजीनं माह्याकडं पायलं अन् म्हणाले, तू शिकला ना, शोध.

तं सांगा. माहा चुलतभाऊ म्हणते सगळं बनवलेलं हाय. गावातला एक जण म्हणते रुस्तम अरबस्तानातला. दुसरा म्हणते इराणचा राजा. आबाजीले मी काय सांगू? तो माणूस होता का, अन् होता तं कधीचा?

पवनीकर मास्तर

भाऊ, आधी आबाजींना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या वस्तादांनी सांगितलेली गोष्ट मुळाशी फार जुळते, ती "एकदा पाडलं तर मारत नाहीत" वाली थाप फारसी कवी फिरदौसीच्या शाहनामा ह्या महाकाव्यात तशीच आहे. आणि ताईत म्हणजे रुस्तमनं सोहराबच्या आईला, समनगानच्या राजाच्या मुलीला तहमिनाला दिलेला मणी, मुलगा झाला तर दंडाला बांध असं सांगून तो निघून गेलेला. आबाजींनी बोट अगदी बरोबर जागी ठेवलं.

आता गावातल्या मतांचं. अरबस्तानातला नाही, आणि राजाही नाही. रुस्तम कधीच गादीवर बसत नाही, तो दुसऱ्याला बसवतो, फारसीत त्याला ताजबख्श म्हणतात, म्हणजे मुकुट देणारा. त्याचं घर सीस्तान आणि झाबुल, म्हणजे आजच्या इराणचा पूर्वेकडचा कोपरा आणि त्याला लागून अफगाणिस्तान, हेलमंद नदीचा मुलूख. बाप झाल, जन्मतःच पांढऱ्या केसांचा म्हणून डोंगरावर टाकून दिलेला आणि सीमुर्ग पक्ष्यानं वाढवलेला. आई रुदाबा, काबूलची. आजोबा साम, पणजोबा नरीमान. ही वंशावळ लक्षात ठेवा, सगळं घबाड हिच्यातच आहे.

फिरदौसी तूसचा, शाहनामा त्यानं १०१० साली पुरा केला, सुमारे ५०,००० बैत, म्हणजे दोन-दोन ओळींची कडवी. पण त्यानं रुस्तम मनानं रचला नाही. त्याच्याआधी जुन्या गोष्टी गद्यात गोळा झालेल्या होत्या, आणि रुस्तमच्या मरणाच्या गोष्टीत तो एका म्हाताऱ्याचं नाव घेतो, आझाद सर्व म्हणून, मर्व शहरात राहायचा, स्वतःला साम-नरीमानच्या घराण्यातला म्हणवायचा आणि त्याला रुस्तमच्या लढाया तोंडपाठ होत्या. म्हणजे तिथेही एक आबाजी होतेच.

आता मूळ. पारशांचा सगळ्यात जुना धर्मग्रंथ अवेस्ता, त्याची भाषा ऋग्वेदाची सख्खी बहीण आहे. आज आपल्या हातात जेवढा अवेस्ता आहे त्यात रुस्तम हे नाव कुठेच नाही. पण केरेसास्प नावाचा एक वीर आहे. घराणं त्याचं साम, आणि त्याचं एक विशेषण आहे नइरेमनह, म्हणजे मर्दाच्या मनाचा. पुढे काय झालं बघा, एकाच माणसाचं नाव, कुळ आणि विशेषण सुटी झाली आणि त्यांची तीन माणसं झाली, गर्शास्प, साम आणि नरीमान, आणि ती रुस्तमच्या पूर्वजांत जाऊन बसली! केरेसास्प म्हणजे संस्कृतातला कृशाश्व, ज्याचे घोडे सडपातळ तो. नइरेमनह म्हणजे आपल्या वेदातला नृमणस्. केरेसास्पला अवेस्तात गदवर म्हटलंय. गदा धरणारा. अर्थ सांगायला कोश लागत नाही.

त्याची एक गोष्ट मी वर्गात पोरांना नेहमी सांगायचो. दुपारची वेळ, केरेसास्पला भूक लागली, त्यानं एका टेकाडावर लोखंडी भांडं ठेवलं आणि खाली जाळ केला. ते टेकाड नव्हतं, तो शिंगवाला अजगर होता, घोडे आणि माणसं गिळणारा. पाठ तापली, त्याला घाम फुटला, तो उसळला, भांडं उपडं झालं, उकळतं पाणी सांडलं, आणि एवढा मोठा वीर घाबरून मागे पळाला. मग फिरून येऊन त्यानं त्याला मारलं. त्या अजगराला तिथे अझि म्हणतात, आपल्याकडे अहि. इंद्रानं मारलेला वृत्र तोही अहिच.

असे धागे बरेच आहेत. सीमुर्ग म्हणजे अवेस्तातला सएन पक्षी, आपला श्येन. केरेसास्प गंदरेव नावाच्या राक्षसाला मारतो, तो आपला गंधर्व, तिकडे जाऊन वाईट झाला. रुस्तमनं ज्याला सफेद देवाच्या तावडीतून सोडवलं तो राजा कय काऊस अवेस्तात कवि उसन आहे, आणि आपल्याकडे काव्य उशना म्हणजे शुक्राचार्य (देव हा शब्द तिकडे राक्षसाला लागतो, म्हणून सफेद देव म्हणजे पांढरा राक्षस). रुस्तमचा गुर्ज, मराठीतसुद्धा जुन्या हत्यारांत गुर्ज आहे, तो शब्द मुळात वज्र. आणि जन्म बघा. रुस्तम पोटात एवढा मोठा झाला की बाहेर येईना, मग सीमुर्गच्या सांगण्यावरून रुदाबाची कूस चिरून त्याला काढलं. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात १८ वं सूक्त काढा, तिथे इंद्र म्हणतो मी इथून बाहेर पडणार नाही, ही वाट अवघड आहे, मी आडवा कुशीतून निघेन.

म्हणून माझं मत असं की रुस्तम म्हणून एक माणूस शोधायला जाऊ नये. शाहनाम्यात तो पाचशेहून जास्त वर्षं जगतो, राजे येतात जातात, हा आहेच. तो त्या जुन्या गदाधारी वीराचाच नवा अवतार आहे, इकडे इंद्र, तिकडे केरेसास्प, आणि पुढे रुस्तम.

आखाड्याची माती (मूर्तिजापूर)

मास्तर, अंगावर काटा आला वाचून. मी पण पहिलवानकीतलाच, आता गुडघे गेले पण पोरायले शिकवतो. आमच्याकडं दंगलीच्या पत्रकावर अजूनही लिहितेत रुस्तम अमुक अन् रुस्तम तमुक. गामा पहिलवानाले रुस्तम-ए-जमान म्हणत, त्यानं १९१० साली लंडनले जाऊन झिबिस्कोसोबत कुस्ती धरली होती, ते आमच्या वस्तादायनं आमच्याकडून घोकून घेतलं होतं. अन् शिवाजी महाराजांनी अफजलखानानंतर महिन्या-दीड महिन्यात कोल्हापूरजवळ ज्या आदिलशाही सरदाराचा पाडाव केला, १६५९ चा डिसेंबर, तो रुस्तुमे जमान, तेही त्याचं नाव नाही, किताबच हाय. म्हणजे हा रुस्तम आपल्या इतिहासात पण घुसून हाय.

माह्यं म्हणणं एवढंच का रुस्तम देवाचा अवतार असता तं पहिलवानायनं त्याचं नाव कायले घेतलं असतं? आमच्याकडं आखाड्यात मारुती असतेच, नमस्कार त्यालेच. पण रुस्तमले कोणी नमस्कार करत नाही, रुस्तमसारखं व्हाव वाटते. तो दमते, त्याले भूक लागते, तो पोराशी खोटं बोलते अन् त्याचा पस्तावा जलमभर भोगते. तो माणूसच वाटते मले. आता पहिलवान हा शब्द कुठून आला तेही कोणाले माहीत असन तं सांगा, आमच्या पोरायले सांगतो.

वरुडची

नमस्कार. मी नागपूरला इतिहासात एमए करतेय, घर वरुडजवळ, संत्र्याचं. मास्तरांचं सगळं बरोबर आहे, पण शेवटच्या मताला माझा विरोध आहे, आणि दादा, तुमचं "माणूस वाटते" हे मला जास्त पटतं.

आधी शब्द सांगते. पहलवान आला पहलव वरून, आणि पहलव म्हणजे पार्थियन लोक, इराणवर साधारण पावणेपाचशे वर्षं राज्य केलेले. संस्कृतात त्यांनाच पह्लव म्हणतात. पहलवान म्हणजे आधी नुसता पह्लव, पार्थियन, मग लढवय्या, मग वीर, आणि आपल्याकडे येईपर्यंत लंगोट लावून मातीत उतरणारा. शाहनाम्यात रुस्तमला जहान-पहलवान म्हणतात. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, त्यात तिच्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, "सकयवनपल्हवनिसूदन" म्हटलंय, शक यवन आणि पह्लवांचा नाश करणारा. तो पल्हव आणि तुमच्या पत्रकावरचा पहिलवान एकाच मुळाचे. आणि त्याच लेखात त्याच्या ताब्यातल्या मुलखांच्या यादीत विदर्भ पण आहे.

आता ते "सकयवनपल्हव" परत वाचा, सगळ्यात आधी कोण आहेत? शक. रुस्तमचं गाव सीस्तान, ते नाव जुन्या काळी सकस्तान होतं. शकांचं स्थान! इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मध्य आशियातून शक टोळ्या खाली सरकल्या आणि हेलमंदच्या काठी बसल्या, त्यांच्यावरून त्या मुलखाला नाव पडलं, त्याआधी तो द्रांगियाना होता. म्हणजे केरेसास्पची गोष्ट तिथे आधीपासून होती आणि शक नंतर आले. रुस्तम अवेस्तात का नाही ह्याचं माझ्या मते साधं उत्तर हेच, तो नंतर आला, घोड्यावर बसून आला. मास्तर, आमच्या बागेत जंबेरीचा खुंट असतो आणि त्यावर संत्र्याचा डोळा भरतात. दहा वर्षांनी झाड बघणाऱ्याला वाटतं हे मुळापासून संत्रंच आहे. खाली खोडाजवळ बसून पाहिलं तर सांधा दिसतो. साम-नरीमान-गर्शास्प हा खुंट, रुस्तम हा वरून भरलेला डोळा, आणि साधणारा सांधा म्हणजे ती वंशावळ. तुम्ही खुंटाबद्दल सांगितलं, आणि ते खरंच आहे, पण फळ खुंटाचं नसतं.

सगळ्या जगाला तो सीस्तानचाच माहीत होता ह्याला पुरावे आहेत. जुना आर्मेनियन इतिहासकार मोव्हसेस खोरेनात्सी रुस्तमला सगचिक म्हणतो, म्हणजे शकांचा, आणि सांगतो की त्याच्यात १२० हत्तींचं बळ होतं असं लोक म्हणतात. मक्केत सातव्या शतकाच्या सुरुवातीला नद्र बिन हारिस नावाचा माणूस रुस्तम आणि इस्फंदियारच्या गोष्टी लोकांना ऐकवायचा. फिरदौसी जन्मायच्या दोनशे वर्षं आधी, साधारण ७४० साली, आजच्या ताजिकिस्तानात पंजिकंटला एका घराच्या भिंतींवर रुस्तमच्या लढाया रंगवलेल्या, बिबट्याच्या कातड्याचा अंगरखा घातलेला, ती चित्रं आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत.

आणि सगळ्यात सुंदर म्हणजे चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडलेला सोग्दी ह्या मध्य आशियातल्या जुन्या भाषेतला कागद, अर्धा लंडनला आहे अर्धा पॅरिसला. जागलीवाले दादा, हे तुमच्या मुलाला नक्की सांगा. रुस्तम राक्षसांना त्यांच्या गावाच्या वेशीपर्यंत पिटाळतो, मग कुरणात येतो, घोड्याचं खोगीर उतरवतो, त्याला चरायला सोडतो, स्वतः जेवतो, अंथरूण टाकतो आणि झोपतो. तिकडे राक्षस एकमेकांना म्हणतात की एकट्या घोडेस्वारानं आपल्याला कोंडलं ही केवढी लाज, आणि बाहेर पडतात, कोणी रथात, कोणी हत्तीवर, कोणी कोल्ह्यावर, कोणी कुत्र्यावर, कोणी सापावर, सरड्यावर, आणि बरेच जण डुकरांवर बसून. आणि रुस्तमला कोण उठवतं? त्याचा घोडा, रक्ष.

हे सगळं शाहनाम्यातही नाही बरं का, असंच्या असं. म्हणजे गोष्टी फिरदौसीच्या कितीतरी बाहेर पसरलेल्या होत्या.

आता माणूस कोण? दोन नावं घेतली जातात. एक गोंडोफेरिस, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला हिंदी-पार्थियन राजा, सीस्तानपासून पंजाबपर्यंत त्याची नाणी सापडतात, आणि पेशावरकडे तख्त-ए-बाहीला त्याच्या २६ व्या राज्यवर्षाचा शिलालेख आहे. एर्न्स्ट हर्ट्सफेल्ड ह्या जर्मन विद्वानाचं म्हणणं होतं की रुस्तममध्ये ह्याची आठवण मिसळली. मला मात्र दुसरा जवळचा वाटतो. सूरेन. पार्थियनांचं मोठं घराणं, त्यांचा मुलूख सीस्तानच, आणि राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवण्याचा वंशपरंपरागत मान त्या घराण्याचा. मास्तरांनी ताजबख्श सांगितलं ना, ते इथे आठवा! इसवी सनापूर्वी ५३ मध्ये ह्या घराण्यातल्या तिशीच्या आतल्या सेनापतीनं कार्हेच्या मैदानात क्रॅससच्या सुमारे ४०,००० रोमन फौजेचा धुव्वा उडवला, स्वतःचे घोडेस्वार फक्त दहा हजार, पण मागे हजार उंटांवर बाणच बाण, भाते संपले की भरून घ्यायचे. आणि एवढं करून त्याच्याच राजानं, ओरोदेसनं, थोड्याच दिवसांत जळून त्याला मारलं. रुस्तमची सगळी कहाणी हीच आहे, राजाला वाचवायचं आणि राजाकडूनच त्रास घ्यायचा. कय काऊसकडे जखमा भरणारं औषध होतं, सोहराब मरत असताना रुस्तमनं ते मागितलं आणि काऊसनं दिलं नाही, का तर बाप-लेक दोघं जगले तर माझ्या गादीचं काय.

सूरेन म्हणजेच रुस्तम असं मी म्हणत नाहीये. त्या घराण्यानं आपल्या दरबारात जी वीरगाणी गाऊन घेतली असतील, पार्थियनांकडे गोसान नावाचे गाणारे होतेच, त्यात शकांचा घोडेस्वार, पार्थियन सेनापती आणि जुना केरेसास्प एकत्र झाला, असं मला वाटतं. आणि चुलतभावांना सांगा, बनवलेलं म्हटलं तरी ते एका माणसानं बनवलेलं नाही.

पवनीकर मास्तर

बाई, संत्र्याचा दाखला पटला. मी खुंटाकडेच बघत बसलो होतो हे मान्य करतो. अवेस्ता-वेदाचं साम्य एकदा दिसलं की डोळ्यासमोरून हलत नाही. फक्त एक धरून ठेवतो, जन्म आणि मणी आणि पक्षी हे कुठल्याही सेनापतीच्या आयुष्यात घडत नसतं, ते खालूनच वर चढलेलं आहे.

पण शकांचं नाव निघालं आणि माझं गाव पवनी, म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे वैनगंगेच्या काठी जुनं नगर होतं, १९६९-७० च्या सुमारास जगन्नाथ टेकडीला उत्खनन झालं तेव्हा मोठा बौद्ध स्तूप निघाला. आणि ह्याच पवनीत एक दगडी खांब सापडलेला आहे, त्यावर ब्राह्मी अक्षरांत लेख आहे, महाक्षत्रप कुमार रुपिअम्म ह्याचा छायाखंभ. छायाखंभ म्हणजे मेलेल्याच्या आठवणीत उभा केलेला खांब. महाक्षत्रप ही शकांची पदवी! नाव बघा ना, रुपिअम्म, हे आपल्याकडचं नाव नव्हे. ज्या लोकांनी हेलमंदच्या काठाला आपलं नाव दिलं त्यांच्याच जातकुळीचा कोणी सरदार वैनगंगेच्या काठापर्यंत पोचला, इथे गेला, आणि कोणीतरी त्याच्यासाठी दगड उभा केला.

मी निवृत्त झालो त्या वर्षी शेवटच्या वर्गाला मी ती अक्षरं फळ्यावर काढून दाखवली होती, एकेक अक्षर. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं होतं, सर, तो लढाईत मेला का तापानं? मला तेव्हा ते फार लागलं, कारण आम्ही नुसती पदवी वाचत होतो आणि तिनं माणूस पाहिला. अशा लोकांच्या शेकोटीभोवती रात्री गोष्टी होत असतील ना, आणि गोष्टी सांगणाऱ्यांना आपल्या मुलखातल्या वीरांशिवाय दुसरं काय सांगायचं असतं. शालिवाहन शके आपण पंचांगात रोज वाचतो, त्या शके शब्दात हेच लोक आहेत.

आखाड्याची माती (मूर्तिजापूर)

पल्हव ते पहिलवान हे उद्याच सांगतो पोरायले. ताई, मले अजून एक सांगा, इराणात त्याच्या नावाची जागा हाय का काही? म्हणजे जसं आपल्याकडं चिखलदऱ्याले भीमकुंड हाय, भीमानं कीचकाले मारून दरीत टाकलं अन् तिथं हात धुतले म्हणतेत.

वरुडची

आहे ना दादा, आणि अगदी चिखलदऱ्यासारखंच आहे. शिराजकडे नक्श-ए-रुस्तम नावाचा उभा कडा आहे. तिथे वर दारयवहू आणि त्याच्या नंतरच्या हखामनी राजांच्या थडग्यांची दारं कड्यात कोरलेली आहेत, आणि खाली सासानी राजांची शिल्पं, एकात शापूर पहिला घोड्यावर आणि समोर गुडघे टेकलेला रोमन बादशहा. रुस्तमचं तिथे काहीच नाही. पण राजांची नावं लोक विसरले, जुनी लिपी वाचणारे राहिले नाहीत, आणि एवढा मोठा घोडेस्वार दगडात दिसतो म्हटल्यावर गावकऱ्यांनी ठरवलं, हा रुस्तमच. आपल्याकडे कोणतीही मोठी शिळा भीमाची, कोणतंही जुनं लेणं पांडवांचं. मी लहान असताना बाबांनी भीमकुंडावर नेलं होतं, खाली वाकून पाहताना त्यांनी माझा फ्रॉक मागून घट्ट धरला होता, आणि मी पूर्ण विश्वासानं विचारलं होतं की हात धुतले तेव्हा पाणी लाल झालं होतं का.

खरे राजे विसरले जातात आणि रुस्तम राहतो, हे मला त्या कड्यात फार दिसतं. शापूरनं एवढा खर्च करून आपलं नाव कोरलं आणि जागेला नाव पडलं दुसऱ्याचं.

जागलीवाला (दारव्हा तालुका)

मास्तर, ताई, दादा, तुमचे सगळ्यायचे उपकार. काल रात्री माळ्यावर मोबाईलच्या उजेडात सगळं वाचून दाखवलं. आबाजी आज घरी थांबणार होते, थंडी हाय, पण आयकत नाही, आलेच.

सूरेनचं आयकताना आबाजी मान हलवत होते, राजानं औषध देल्लं नाही तिथं "हे वस्तादानं नव्हतं सांगतलं" म्हणाले अन् पुन्हा वाचाले लावलं, दोनदा. पवनीच्या खांबाचं आयकून म्हणाले एकदा नेऊन आण. नेतो, हरभरा निघाला का नेतो.

पोट्ट्याले मात्र डुकरांवर बसलेले राक्षस असे आवडले का तो टॉर्च घेऊन धुऱ्याकडं पाहूनच रायला. अन् रक्षनं रुस्तमले उठवलं तिथं आबाजी पोट्ट्याले म्हणाले, "पाय, घोडा जागलीले होता." मंग मले म्हणाले इचार त्या ताईले, घोड्याचा रंग कोणता होता.

वरुडची

पंजिकंटच्या भिंतीवर लाल आहे. आणि फिरदौसी म्हणतो केशरावर गुलाबाच्या लाल पाकळ्या पडाव्या तसा. आबाजींना सांगा.